उलटा चालला की पाय सरळ पडतो

डॉक्टरताई, आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. मालक टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, मी घरी शिलाई करते. मोठा मुलगा १४ वर्षांचा आहे. नऊ वर्षांचा असताना चालताना त्याचा उजवा पाय आत वळायला लागला. बूट करून दिले, मालिश केली, बाहेरचंही बघून झालं. आता उजवा हात वळतो आणि पाठ एका बाजूला कलते. नवल म्हणजे उलटा चालला की पाय सरळ पडतो, सायकल नीट चालवतो, झोपेत तर काहीच नसतं. म्हणून शाळेत म्हणतात, नाटक करतो. डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीओआर१ए नावाच्या जनुकात दोष आहे, डिस्टोनिया आहे म्हणाले. गोळ्या वाढवून झाल्या. आता डोक्यात तारा घालायचं ऑपरेशन, डीबीएस, करा म्हणतात. मालक म्हणतात, पोराच्या डोक्यात करंट सोडू देणार नाही, १८ चा होऊ दे मग बघू. मी त्यांच्या मामाची मुलगी. नात्यात लग्न केलं म्हणून असं झालं, असं सगळे बोलतात. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रडतात की मीच हट्टाने भाचीला सून करून आणलं. सासरे आता नाहीत. त्यांचा उजवा हात लिहायला घेतला की वळायचा, ते डाव्या हाताने सही करायचे. धाकटी मुलगी ८ वर्षांची आहे, तिचंही रक्त तपासू का? तिचं पुढे लग्न कसं व्हायचं? पैसे तर नाहीतच. एक जण म्हणतो, गोळ्या बंद करा, काढा सुरू करा. मी काय करू?
एक आई, सोलापूर

ताई,

शेवटापासून सुरुवात करते, कारण तेवढं आजच्या आज व्हायला हवं. गोळ्या बंद करू नका. पत्राला जोडलेल्या चिठ्ठीवर ट्रायहेक्सिफेनिडिल आणि बॅक्लोफेन लिहिलेलं दिसतं. ही औषधं, विशेषतः बॅक्लोफेन, एकदम थांबवली तर अंग इतकं पिळवटू शकतं की मूल आयसीयूत जातं. डोस कमी करायचाच असेल तर तो पुण्याचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील. काढा देणारा माणूस चांगल्या मनाने सांगत असेल, पण त्याच्या हातून हे होता कामा नये. स्टेम सेलची जाहिरात घेऊनही कोणी ना कोणी येईलच. या आजारावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि अभ्यासाबाहेर पैसे घेऊन ते देणं आपल्या देशाच्या नियमांत बसत नाही.

आता त्या उलट्या चालण्याबद्दल. तुमच्या पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली. शाळेत जिला नाटक म्हणतात, ती डिस्टोनियाची जुनी ओळखीची खूण आहे. यात स्नायूंत ताकद असते, नसा शाबूत असतात, एमआरआयमध्ये काही दिसत नाही. बिघाड असतो तो मेंदू हालचालीचे जे हुकूम पाठवतो त्यांच्या जुळणीत. पुढे चालायचा हुकूम वेगळा, उलटं चालायचा वेगळा, पायडल मारायचा आणखी वेगळा. पाय तोच, पण एका हुकमात गोंधळ होतो आणि दुसऱ्यात होत नाही. झोपेत हुकूमच सुटत नाहीत, म्हणून पाय शांत पडून राहतो.

तुमच्या घरात माग कळतो, म्हणून त्याच भाषेत सांगते. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात तेव्हा बाकीचे खाली राहतात आणि मधल्या फटीतून धोटा जातो. पुढच्या खेपेला वरचे खाली, खालचे वर. हातापायाचंही असंच चालतं. पाऊल वर उचलणारे स्नायू ओढ घेतात तेव्हा खाली दाबणाऱ्यांनी सैल सोडायचं असतं. तुमच्या मुलाच्या पायात दोन्हीकडचे एकदम ओढतात. फट उघडतच नाही, धोटा अडकतो, पाऊल पिळलं जातं. सूत चांगलं आहे, माग चांगला आहे, उचलण्याचा क्रम तेवढा चुकतोय. हे मालकांना असंच सांगा, त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजेल.

शाळेसाठी पुण्याच्या डॉक्टरांकडून मराठीत चार ओळींचं पत्र घ्या: आजार मेंदूचा आहे, मूल ढोंग करत नाही, बुद्धीवर याचा परिणाम होत नाही. सिव्हिलमध्ये अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही अर्ज करून ठेवा. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मागताना तो लागेल, आणि त्याचे हेलपाटे आयत्या वेळी होत नाहीत.

हे आलं कुठून? तुमच्या सासऱ्यांच्या त्या डाव्या हाताच्या सहीत बहुधा याचं उत्तर आहे. टीओआर१ए मधला हा दोष १९९७ मध्ये सापडला. जनुकाच्या हजारो अक्षरांतली तीन अक्षरं, जीएजी, गळालेली असतात, एवढंच. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. या आजाराला त्यातली एकच सदोष प्रत पुरते. पण ज्यांच्यात ती प्रत असते त्यांच्यापैकी साधारण ३० टक्क्यांनाच आजार होतो. बाकीचे जन्मभर धडधाकट राहतात आणि नकळत ती पुढे देतात. ज्यांना होतो त्यांच्यातही कुणाचं सगळं अंग वळतं, तर कुणाचा फक्त लिहिता हात. सासऱ्यांना तेवढंच झालं असावं, मालकांना काहीच झालं नाही, नातवाला झालं. मालकांची रक्ततपासणी केली तर हे नक्की कळेल, पण ती त्यांची इच्छा असेल तरच, आणि आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलून. त्यांना स्वतःला आता या वयात आजार होण्याची भीती जवळजवळ नाही, कारण तो बहुतेकांना लहानपणीच सुरू होतो आणि पंचविशी-तिशी उलटली की क्वचितच.

तर आत्यांना जवळ बसवून सांगा: भाचीला सून केल्यामुळे हे झालेलं नाही. सासऱ्यांकडून ते आलं असेल तर मालकांनी परक्या घरातली मुलगी केली असती तरी हेच होऊ शकलं असतं. नात्यातल्या लग्नाचा धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. ज्या आजारांना दोन्ही प्रती सदोष लागतात, त्यांत तो खराच वाढतो, आणि आपल्या भागात मामाच्या-आत्याच्या मुलांची लग्नं अजून होतात म्हणून तो मी एरवी आवर्जून सांगते. पण हा आजार त्यातला नाही. त्या बाईंनी आणखी एक रात्रही रडत काढू नये. आणि हे कळल्यावर घरातला रोख सासऱ्यांकडे किंवा मालकांकडे वळू देऊ नका. कुणी काही निवडून दिलेलं नाही.

मालकांच्या भीतीकडे येते. मागावर काम करणाऱ्या माणसाने करंट म्हटल्यावर दचकावं हे अगदी रास्त आहे, त्यांनी शॉक बघितलेले असतात. हे ऑपरेशन आलं कसं ते त्यांना सांगा. पूर्वी कंपवातावर मेंदूतला अगदी छोटा भाग जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे बघायला बारीक विद्युतप्रवाह देऊन पाहायचे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल इथे डॉ. आलिम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं की सेकंदाला शंभराच्या वर ठोके दिले की जाळायच्या आधीच कंप थांबतो. मग जाळायचं कशाला? तार तिथेच ठेवून ठोके चालू ठेवायचे. डिस्टोनियाच्या मुलांवर फ्रान्समध्येच हे सुरू झालं, आणि मॉन्पेलिएच्या डॉक्टरांनी २००० मध्ये जे निकाल मांडले ते तुमच्या मुलाच्या याच जनुकदोषाच्या रुग्णांचे होते. काही जाळलं जात नाही, कापून काढलं जात नाही. प्रवाह कमी-जास्त करता येतो, बंद करता येतो, गरज पडली तर तारा काढताही येतात.

तार सव्वा मिलिमीटर जाड असते, आपल्या शेवईसारखी. टोकाला चार बारीक संपर्कबिंदू. कवटीला दोन्हीकडे एकेक छोटं भोक पाडून, स्कॅनवर मिलिमीटरच्या हिशेबाने जागा काढून, मेंदूत खोलवर असलेल्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या केंद्राच्या आतल्या भागात ती सोडतात. तिथून तारेची जोडणी कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत येते आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र बसवतात. बाहेर काही लोंबत नाही. मुलांना पूर्ण भूल देतात. वाढत्या वयात उंची वाढली तर तारेवर ताण पडू नये म्हणून तारेचा वेटोळा जादा ठेवतात. अंगात शॉक लागत नाही. प्रवाह वाढवताना क्षणभर मुंग्या येतात किंवा जीभ जड होते, आणि त्यावरूनच डॉक्टर अंदाज घेतात.

आता जे सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतं ते. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाचा थरथरणारा हात यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटांत थांबतो, तसे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. डिस्टोनियात तसं होत नाही. झटके आणि वळवळ काही दिवसांत-आठवड्यांत कमी होऊ लागते, पण पाऊल सरळ पडायला, पाठ उभी राहायला महिने लागतात, कधी वर्षभर. पहिल्या महिन्यात घरात हमखास कुणीतरी म्हणतं, पैसे पाण्यात गेले. त्या वेळी धीर सोडू नका. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात सर्वांगी डिस्टोनियाचे २२ रुग्ण होते. हालचालींच्या १२० गुणांच्या मोजपट्टीवर ते सरासरी ४६ वर होते, वर्षभराने २१ वर आले. गुण जितके कमी तितकं अंग सुटं. या जनुकदोषाच्या मुलांना सहसा इतर कारणांच्या डिस्टोनियापेक्षा जास्त फायदा होतो. जनुक मात्र तसंच राहतं, यंत्र आजार दाबून ठेवतं, म्हणून ते चालू ठेवावं लागतं.

धोकेही सांगते. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. यंत्राच्या किंवा तारेच्या जागी जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो, आणि कधी त्यामुळे सगळं काढून पुन्हा बसवावं लागतं. तार तुटू शकते. बोलणं थोडं बोबडं होऊ शकतं, ते बहुधा प्रवाह बदलून सुधारतं. जखमेपाशी लाली, सूज, पू दिसला तर इथल्या इथे ड्रेसिंग करत बसू नका, त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्यांना फोन करा.

आणि १८ वर्षांपर्यंत थांबायचं का? ताई, इथे मी माझी चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडच्या एका मुलीचे आईवडील माझ्याकडे आले होते. हाच आजार, हेच वय. त्यांनाही वाटत होतं मोठी होऊ दे, आणि मी मान डोलावली. मलाही त्या वेळी लहान मुलाच्या डोक्याला हात लावण्याची भीती होती. चार वर्षांनी तिचं ऑपरेशन झालं. वळवळ थांबली, हात सुटला, ती लिहू लागली. पण तोवर पाठीचा कणा वाकडा होऊन हाडातच पक्का झाला होता, टाच आखडून वर गेली होती. स्नायूंची ओढ विद्युतप्रवाहाने थांबते, पण हाड आणि आखडलेला सांधा त्याने सरळ होत नाही. तिच्या आईने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक मुलाची पाठ आधी बघते.

म्हणून तुमच्या पत्रातलं "पाठ कलते" हे मला झोप येऊ देत नाही. एक करून पाहा. सकाळी तो गाढ झोपेत असताना पाठीवरून, घोट्यावरून हळू हात फिरवा. पाऊल अलगद वर ढकललं तर जातं का? कणा अंथरुणावर सरळ पडतो का? जात असेल, पडत असेल, तर अजून वेळ आहे. झोपेतही कडक आणि वाकडं राहत असेल तर वेळ निघून चालली आहे. दोन्ही उत्तरं पुण्याच्या डॉक्टरांना सांगा आणि पाठीचा एक्स-रे करायला सांगा. माझं मत विचाराल तर, गोळ्या पुऱ्या देऊन झालेल्या, जनुक नक्की झालेलं, पाठ कलू लागलेली, अशा मुलाने चार वर्षं थांबू नये. येत्या काही महिन्यांत निर्णय व्हावा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या आईबापांसाठी एक गोष्ट मध्येच सांगते. ज्यांच्या मुलाचं जनुक अजून कळलेलं नाही, त्यांनी डीबीएसचं नाव काढण्याआधी दोन गोष्टी झाल्यात का ते बघा. सकाळी बरा आणि संध्याकाळी वाकडा होत जाणारा एक प्रकार लेव्होडोपाच्या छोट्या डोसने जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून ती गोळी आधी देऊन पाहायलाच हवी. आणि अंगात तांबं साचण्याचा विल्सन आजार तपासायला हवा, त्याला औषध आहे. त्या मुलांना तारांची गरज नसते.

पैशांचं. खासगीत हा खर्च दहा लाखांच्या आगेमागे जातो, रिचार्ज होणारं यंत्र घेतलं तर पुष्कळ वर. बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, हैदराबादचं निम्स, मुंबईचं केईएम या सरकारी आणि पालिकेच्या संस्थांत ही शस्त्रक्रिया होते आणि ऑपरेशनचा, राहण्याचा खर्च कमी पडतो, तरी यंत्राची किंमत राहतेच. एका तरी अशा ठिकाणी दुसरं मत घ्या, हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे. पुणे-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन थेट जा, पण यंत्र त्यात बसतं का हे लेखी विचारा. त्यांच्याकडून खर्चाचं अंदाजपत्रक घेतलं की त्यावर मुख्यमंत्री सहायता निधी आणि इतर ट्रस्टकडे अर्ज करता येतो. आणि बॅटरीचं आधी विचारा, ऑपरेशननंतर नको. साधी बॅटरी डिस्टोनियात तीन-पाच वर्षांत संपते आणि बदलायला पुन्हा लाखांत खर्च येतो. तुमच्या मुलापुढे पन्नास-साठ वर्षं आहेत. जमत असेल तर मी रिचार्जचं यंत्र घ्या म्हणेन. कातडीवरून पट्टा लावून ते चार्ज होतं आणि कित्येक वर्षं चालतं. १४ वर्षांचा मुलगा ते स्वतः करू शकतो, फक्त विसरून चालत नाही, कारण प्रवाह अचानक बंद पडला तर अंग जोरात पिळवटू शकतं.

ऑपरेशननंतर सुरुवातीला प्रवाह जुळवायला बऱ्याच फेऱ्या होतील. पुण्यात ऑपरेशन झालं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं, तेवढं एक बरं आहे. फिजिओथेरपीला जाल तिथे पहिल्याच दिवशी सांगा की शेकाचं डायथर्मी मशीन याला कधीही लावायचं नाही. त्याने तारेचं टोक तापून मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. गरम पाण्याची पिशवी चालते. दातांचं काम असो, कुठलं ऑपरेशन असो, एमआरआय असो, यंत्राचं कार्ड आधी दाखवायचं. सिद्धेश्वराच्या, तुळजापूरच्या दारातल्या मेटल डिटेक्टरपाशीही कार्ड दाखवून बाजूने सोडायला सांगा.

धाकटीचं रक्त आत्ता तपासू नका. मालकांकडून हा दोष आला असेल तर तिच्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी, आणि आला तरी आजार होण्याची साधारण ३० टक्के. म्हणजे शंभरात पंधरा. पंच्याऐंशी वेळा ती ठणठणीत राहणार. आजार होण्याआधी देता येईल असं औषध आज नाही, मग आठ वर्षांच्या पोरीच्या कपाळावर तो कागद कशाला चिकटवायचा? तिची चाल आणि अक्षर यांवर लक्ष असू द्या. पाऊल वळलं, पेन्सिल धरताना मनगट वाकू लागलं, तर लगेच दाखवा. मोठी झाल्यावर तपासायचं की नाही, होणाऱ्या नवऱ्याला कधी आणि कसं सांगायचं, हे ती ठरवेल. आज नातेवाइकांत तिचं नाव या आजाराशी जोडून बोलू नका, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

आता एक विचारते. तुमच्या एवढ्या लांब पत्रात मालक काय म्हणतात आहे, आत्या काय म्हणतात आहे, काढेवाला काय म्हणतो तेही आहे. मुलगा काय म्हणतो ते कुठेच नाही. १४ वर्षांचं पोर आहे. त्याला या तारांची भीती वाटते की शाळेतल्या हसण्याची, हे त्याला कुणी विचारलंय का? त्याच्यासमोर वाचा हे पत्र. अवघड वाटलं तर धोक्यांचा भाग आधी तुम्ही दोघांनी वाचा, पण लपवू नका. त्याला स्वतःचे प्रश्न वहीत लिहू द्या, हात वळला तरी चालेल, किंवा बहिणीला लिहायला सांगू दे. पुढच्या भेटीला मालकांनाही घेऊन जा, एका दिवसाची हजेरी बुडाली तरी. जाण्याआधी मोबाइलवर त्याचे चार छोटे व्हिडिओ काढा: पुढे चालताना, उलटा चालताना, सायकलवर, आणि लिहिताना. सासऱ्यांच्या सहीचा एखादा जुना कागद, बँकेचं पासबुक, काही सापडलं तर तेही फाइलमध्ये ठेवा. आणि तिथून आल्यावर मला कळवा, त्याने काय विचारलं ते.

तुमची,
डॉक्टरताई